मिळकत क्रमांक ४१७: एका वसुली लिपिकाच्या निलंबनाचं प्रकरण

निलंबनाचा आदेश संध्याकाळी साडेपाचला निघाला आणि सहाच्या आत लिपिकाच्या हातात पडला. तक्रार त्याच दिवशी दुपारी आली होती. आदेश तीन ओळींचा: घरफाळ्याची रोख रक्कम घेऊन पावती न दिल्याची तक्रार प्राप्त झाली आहे, सबब चौकशीच्या अधीन राहून सेवेतून निलंबित करण्यात येत आहे. त्याच्याबरोबर वसुलीला फिरणाऱ्या रोजंदारी मदतनिसाला तर तीन ओळीही मिळाल्या नाहीत. "उद्यापासून येऊ नको," असं त्याला जिन्यात सांगितलं गेलं.

मी या प्रकरणात लिपिकाचा बचाव सहाय्यक होतो. दुसऱ्या एका सरकारी खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून विभागीय चौकशांत कर्मचाऱ्यांच्या बाजूने बसतो. ही दोघंही माणसं कोल्हापूरची, आमच्याच शिवाजी पेठेतली. ज्या महानगरपालिकेत हे घडलं तिचं नाव लिहिणार नाही. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून रकमा आणि क्रमांकही बदलले आहेत.

आधी घरफाळ्याविषयी थोडं. पुण्यात ज्याला मिळकतकर म्हणतात आणि इतर ठिकाणी घरपट्टी, तो आमच्याकडे घरफाळा. जकात गेली. तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि २०१७ साली जीएसटी आला. तेव्हापासून महानगरपालिकांच्या स्वतःच्या हातात उरलेलं मोठं उत्पन्न म्हणजे घरफाळा आणि पाणीपट्टी. बाकी राज्याच्या अनुदानाकडे डोळे. त्यामुळे फेब्रुवारी-मार्च आला की वरून वसुलीचा तगादा सुरू होतो आणि तो शेवटी पोचतो तो पावती पुस्तक काखेत मारून दारोदार फिरणाऱ्या लिपिकापर्यंत. आधी देयक, मग मागणी नोटीस, मग जप्तीचं वॉरंट, असा कायद्याचा क्रम आहे. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढत राहते. गरीब माणूस शास्तीला घाबरून भरतो. मोठा थकबाकीदार फोन लावतो.

आमच्या लिपिकाची नोकरी एकोणीस वर्षांची, कायम. त्याच्याकडे मार्चमध्ये एक वॉरंट आलं ते एका मंगल कार्यालयाचं आणि त्याला लागून असलेल्या सहा गाळ्यांचं. पाच वर्षांची थकबाकी. मालक वजनदार. शुक्रवारी दुपारी लिपिक आणि मदतनीस तिथे गेले, जप्तीची नोटीस दारावर डकवली, मोबाइलवर फोटो काढला. नोटीस लागल्यावर एका गाळ्याच्या भाडेकरूने आपल्या गाळ्यापुरते १२,००० रुपये रोख दिले. सोमवारी दुपारी त्याच भाडेकरूच्या नावाने तक्रार आली की पैसे घेतले, पावती दिली नाही, आणि संगणकावर खात्यात रक्कमही दिसत नाही.

तक्रारीतला शेवटचा मुद्दा खरा होता. गाळ्याच्या खात्यात रक्कम नव्हती.

रात्री लिपिक माझ्याकडे आला. उंबऱ्यातच बसला, आत यायला तयार नाही. "अण्णा, पैसं मी भरल्यात की ओ. पावती फाडलीया. माझ्या हातानं फाडलीया." मी त्याला चहा दिला आणि एकच विचारलं, कधी भरलेस? तो गप्प झाला. शुक्रवारी परत यायला सहा वाजले, रोखपालाची खिडकी बंद झाली होती, शनिवार-रविवार सुट्टी, सोमवारी सकाळी भरले. वसुली त्याच दिवशी भरायची, आणि खिडकी बंद असेल तर वरिष्ठाला लेखी कळवून रक्कम तिजोरीत ठेवायची, असा तिथला नियम. याने ती पिशवीत घालून घरी नेली होती. ही चूक होती. मी ती त्याला त्याच रात्री चूक म्हणूनच सांगितली, कारण बचावाला बसताना आपल्या माणसाची चूक आपल्याला पहिल्यांदा माहीत असावी लागते.

नोकरीच्या संरक्षणाचा प्रश्न इथून सुरू होतो. महानगरपालिकेचा कर्मचारी म्हणजे सरकारी नोकरच, त्याला चौकशीशिवाय बडतर्फीपासून संरक्षण देणारं संविधानाचं ३११ वं कलम लागू, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. ते कलम केंद्र आणि राज्याच्या नागरी सेवांतल्या लोकांसाठी आहे; महानगरपालिकेचा लिपिक त्यात बसत नाही. त्याचं संरक्षण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ५६ व्या कलमात आहे. ठपक्यापासून बडतर्फीपर्यंतच्या शिक्षा त्यातच दिल्या आहेत, आणि त्यातच म्हटलं आहे की खालच्या पदावर आणण्यापूर्वी, काढून टाकण्यापूर्वी किंवा बडतर्फ करण्यापूर्वी त्या माणसाला कारण दाखवण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे. फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली असेल किंवा संधी देणं व्यवहार्य नसल्याची कारणं लेखी नोंदवली असतील, एवढेच अपवाद. या संस्थेने चौकशीच्या पद्धतीसाठी राज्य सरकारचे १९७९ चे शिस्त व अपील नियम स्वीकारले होते. म्हणजे कागदावर आमचा माणूस पुरेसा सुरक्षित होता.

पण निलंबन ही शिक्षा नाही असं कायदा मानतो. त्यामुळे त्याला आधी संधी द्यावी लागत नाही. शिक्षा नसलेली ही गोष्ट सात महिने चालली.

पहिले तीन महिने निर्वाह भत्ता निम्म्या पगाराच्या हिशोबाने. तोही आपोआप मिळत नाही. दर महिन्याला अन्यत्र नोकरी-धंदा करत नसल्याचा दाखला लिहून द्यावा लागतो, मुख्यालय सोडता येत नाही. थोरली मुलगी बारावीला, घराचं कर्ज. मंडईत लोक विचारायचे, "काय ओ, कामावर न्हाई?" पेठेत निलंबन लपत नाही. तीन महिन्यांनंतर भत्त्याचा आढावा घेऊन तो वाढवता येतो, अगदी पाऊण पगारापर्यंत. तसा अर्ज आम्ही केला. त्यावर दोन महिने कुणी सहीच केली नाही.

आणि एवढ्या काळात दोषारोपपत्र नाही. आरोप काय, पुरावा काय, साक्षीदार कोण, काहीच लेखी नाही. अजयकुमार चौधरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलं आहे की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन त्यापुढे चालू राहू नये. दिलं असेल तर पुढे चालू ठेवण्यासाठी कारणांसह आदेश काढावा. त्यानंतर राज्य सरकारने जुलै २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तसा शासन निर्णयही काढला. हे दोन्ही जोडून आम्ही अर्ज दिला, पोच घेतली. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, पुन्हा पोच. कोणत्याही निलंबित माणसाला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो: भेटायला जा, विनंती कर, पण कागद दे आणि शिक्का घे.

उच्च न्यायालयात रिट याचिका करायचा विचार झाला होता. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं १८ ऑगस्ट २०२५ ला. हे प्रकरण त्याआधीचं. तेव्हा मुंबईला वकील करायचा, तारखेला रात्रीच्या गाडीने जायचं, आणि तेही निम्म्या पगारात. त्याने हिशोब केला आणि नको म्हणाला. आज सीपीआर रुग्णालयासमोर, त्या बेंचमध्ये, चालत जाता येतं. ज्यांनी ती मागणी वर्षानुवर्षं लावून धरली त्यांनी अशा किती माणसांचं काम केलं आहे, हे मला या एका प्रकरणावरून कळतं.

पाच महिने झाल्यावर दोषारोपपत्र आलं. जोडपत्र एक ते चार, व्यवस्थित. आरोप दोन: शासकीय रकमेचा अपहार, आणि कर्तव्यात कसूर. कागदांच्या यादीत तक्रार आणि संगणकातल्या खात्याचा उतारा, एवढंच. पावती पुस्तक नाही, भरणा चलन नाही, त्या दिवशीची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, नाही. वसुली लिपिकावर अपहाराचा आरोप आणि पावती पुस्तक यादीतच नाही, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

कागद मागितले. उत्तर आलं, आवश्यकता वाटत नाही. पुन्हा मागितले, प्रत्येक कागद बचावासाठी का हवा हे एकेका ओळीत लिहून. चौकशी अधिकारी निवृत्त न्यायिक सेवेतले होते, त्यांनी ते मान्य केलं. यात नशिबाचा भाग मोठा होता. खात्यातलाच कुणी चौकशी अधिकारी असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. लाकडी टेबलावर पावती पुस्तक ठेवलं. पहिली प्रत पैसे भरणाऱ्याची, दुसरी कार्यालयाची, तिसरी पुस्तकातच राहणारी, कार्बनची. शुक्रवारची पावती होती. रक्कम १२,०००, अक्षरी बारा हजार फक्त. मिळकत क्रमांकाच्या जागी कार्बनची निळी, थोडी फिसकटलेली अक्षरं. खात्याची बाजू मांडणाऱ्या सादरकर्ता अधिकाऱ्यांनी वाचलं, "चारशे सत्त्याण्णव." गाळा होता ४१७. "म्हणजे पावतीही दुसऱ्याच मिळकतीची," ते म्हणाले.

मी ते पान खिडकीपाशी नेलं. मग याच्याच हातच्या मागच्या वीस पावत्या काढायला लावल्या. एकोणीस वर्षं रोज शंभर आकडे लिहिणाऱ्या माणसाचा हात ठरून गेलेला असतो. याचा १ वरून मोठं वर्तुळ घेऊन सुरू होतो आणि शेपूट डावीकडे वळवून सोडतो. घाईत वर्तुळ जवळजवळ मिटतं आणि तो ९ सारखा दिसतो. याच्या खऱ्या ९ ला मात्र खाली एक झटका असतो, तो कधी चुकत नाही. एकापुढे एक वीस पावत्या पाहिल्यावर चौकशी अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि स्वतःच म्हणाले, "हा एक आहे."

पुढचं सोपं होतं. सोमवारच्या चलनाची बेरीज पुस्तकातल्या शुक्रवारच्या सगळ्या पावत्यांशी जुळली, रुपयाचाही फरक नाही. रक्कम तिजोरीत आली होती. नोंदणी करणाऱ्याने ४१७ चं ४९७ वाचलं आणि बारा हजार ४९७ क्रमांकाच्या खात्यात टाकले. ते घर एका म्हाताऱ्या बाईंचं, दोन खोल्यांचं. त्यांच्या खात्यात पाच महिने बारा हजार जादा पडून होते आणि कुणी पाहिलं नव्हतं. तक्रार आली त्याच दिवशी चलनाची बेरीज करायला अर्धा तासही लागला नसता. रक्कम आली की नाही, हे कळण्यासाठी चौकशीचीही गरज नव्हती.

राहिला पावतीचा प्रश्न. भाडेकरू साक्षीला दोन तारखांना आला नाही. नुसती तक्रार फाइलला लावली म्हणजे ती शाबीत होत नाही, ती करणाऱ्याने येऊन सांगावं लागतं, हे रूपसिंग नेगी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. तिसऱ्या तारखेला तो आला. साधा माणूस, मोबाइल दुरुस्तीचा गाळा चालवणारा. उलटतपासणीत मी आवाज चढवला नाही. पैसे दिले तेव्हा शेजारी कोण होतं? मालकाचे मुनीम. पावती कुणी घेतली? तो थांबला. "मुनीमनीच घेतली असंल. ते म्हणाले, मी ठेवतो." तक्रार कुणी लिहिली? टाइप करून आणली होती, याने सही केली. कुणी आणली हे मी विचारलं नाही. भाडेकरूला त्या गाळ्यात राहायचं होतं, आणि आमच्या माणसाला त्या उत्तराची गरज उरली नव्हती. काही सहकारी आजही म्हणतात की विचारायला हवं होतं. मला तसं वाटत नाही.

अहवाल आला: अपहार सिद्ध होत नाही, रक्कम त्याच दिवशी न भरणं आणि वरिष्ठांना न कळवणं, ही कसूर सिद्ध. अहवालाची प्रत देऊन म्हणणं मागवलं गेलं. तो कर्मचाऱ्याचा हक्कच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या करुणाकर खटल्यात पक्कं केलं आहे. शिक्षा झाली एका वर्षासाठी एक वेतनवाढ रोखण्याची, पुढच्या वेतनवाढींवर परिणाम न करता. त्याने अपील केलं नाही. "चुकलं हुतं, अण्णा," म्हणाला. मलाही शिक्षा योग्य वाटली. जनतेचा पैसा रात्रभर घरी ठेवायचा नसतो, मग नियत कितीही साफ असो. नोकरीला संरक्षण असणं म्हणजे शिक्षा न होणं, असं मी कधी मानलं नाही. चुकीएवढीच शिक्षा व्हावी आणि चूक आधी तपासली जावी, एवढंच त्यात मागितलेलं आहे.

दरम्यान सातव्या महिन्यात, अहवालाच्या आधीच, निलंबन मागे घेऊन त्याला अकार्यकारी पदावर आवक-जावक टेबलाला बसवलं होतं. निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरण्यासाठी आणखी दोन अर्ज लागले. शेवटी धरला गेला.

मदतनिसाचं काय झालं, ते वेगळं सांगायला हवं, कारण आरोप एकच असून त्याच्यासाठी यातलं काहीही घडलं नाही. ना आदेश, ना भत्ता, ना चौकशी. नऊ वर्षं हजेरीपटावर. नोकरी सलग दिसू नये म्हणून दर सहा महिन्यांनी एक दिवसाचा तांत्रिक खंड दाखवायचा आणि पुन्हा घ्यायचं. खंडाच्या दिवशीही तो कामावर असायचा, फक्त हजेरी लागायची नाही.

त्याच्याकडे कागद म्हणजे एक ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक. पासबुकातल्या दरमहा जमा रकमांवरून आम्ही दिवस मोजले. आदल्या बारा महिन्यांत २४० पेक्षा बरेच जास्त भरले. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार वर्षात २४० दिवस भरलेल्या माणसाला कमी करायचं तर महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे; इथली सगळी चर्चा जुन्या कायद्याखालची.) संस्थेला आम्ही विचारलं: काम नाही म्हणून काढलं असेल तर नोटीस आणि भरपाई कुठे? गैरवर्तनासाठी काढलं असेल तर चौकशी कुठे?

उत्तर आलं, कर वसुली हे शासनाचं सार्वभौम काम, तो उद्योग नव्हे, कामगार कायदा लागूच नाही. या मुद्द्याचं उत्तर आपल्या महाराष्ट्राच्याच एका शहरात साठहून अधिक वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. नागपूर महानगरपालिका आणि तिचे कर्मचारी यांच्यातल्या वादात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने पालिकेचा एकेक विभाग तपासला आणि कर विभागही उद्योगात धरला, कारण तिथली बहुतेक माणसं पाणी, सफाई अशा सेवांच्या करांचं काम करत होती. आमचा मदतनीस घरफाळ्याबरोबर पाणीपट्टीची बिलंही वाटत होता. ते सांगायला त्याने जुन्या बिलांच्या पोचपावत्यांचा गठ्ठा आणला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोरीने बांधलेला. का जपला होता विचारलं तर म्हणाला, "असूंदे म्हटलं."

१९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली तक्रार नव्वद दिवसांत करावी लागते. लिपिकाचं निस्तरू दे, मग आपलं बघू, या भिडेपोटी याने ऐंशी दिवस घालवले होते. आणखी दहा दिवस गेले असते तर एवढ्यावरून त्याची केस बुडू शकली असती. मी त्याच्यावर रागावलो, आणि दुसऱ्या दिवशी वकिलांकडे नेलं. तक्रार दाखल झाल्यावर काही महिन्यांत संस्थेने त्याला समेटाने कामावर घेतलं. मधल्या काळाचा पगार मिळाला नाही.

कायम करण्याची त्याची दुसरी तक्रार अजून चालू आहे. समोरून सर्वोच्च न्यायालयाचा उमादेवी निकाल दाखवला जातो: मागच्या दाराने आलेल्यांना कायम करता येणार नाही, २००६. पण एसटी महामंडळ विरुद्ध कास्ट्राइब संघटना या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणं ही अनुचित प्रथा सिद्ध झाली, तर औद्योगिक न्यायालयाचा आदेश देण्याचा अधिकार उमादेवीने संपत नाही. पदं मात्र मंजूर असायला हवीत. आणि ३१ जानेवारी २०२५ च्या श्रीपाल निकालात गाझियाबाद महानगरपालिकेच्या माळ्यांना कामावर परत घेताना न्यायालयाने सांगितलं की उमादेवीचा आधार घेऊन पिळवणूक झाकता येणार नाही. आमची अडचण मंजूर पदांची आहे. आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, मदतनिसांची पदं किती, भरलेली किती, रिकामी किती, ही माहिती मागितली आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच फाइलमध्ये लिहिली गेली नाही. लिपिक निलंबित झाल्यापासून सात महिने त्या मंगल कार्यालयाच्या दारात कुणी गेलं नाही. डकवलेली नोटीस पहिल्याच पावसात गेली. वसुली पथकातल्या दुसऱ्या एकाला ते वॉरंट देऊ केलं तर तो म्हणाला, मला पोरंबाळं आहेत. मी त्याला दोष देत नाही. त्याने तीन ओळींचा आदेश पाहिला होता. त्या सात महिन्यांत थकबाकीवर शास्ती चढत होती आणि वसुली शून्य होती. गाळेवाल्यांपैकी ज्याने स्वतःहून पैसे भरले, तोच तेवढा तक्रारदार म्हणून कागदावर आला.

पुढच्या फेब्रुवारीत लिपिकाला पुन्हा वसुलीला घेतलं आणि त्याने तेच वॉरंट मागून घेतलं. मी त्याला म्हटलं होतं, थोडं थांब. ऐकलं नाही. दोन टप्प्यांत धनादेश आले, दुसऱ्याच्या वेळी मी रंकाळ्यावर फिरायला गेलो होतो तेव्हा त्याचा फोन आला. आता तो पावतीवर मिळकत क्रमांक आकड्यात लिहितो आणि खाली अक्षरीही लिहितो, चारशे सतरा. तशी जागा छापलेली नाही, म्हणून रकमेच्या रेघेखाली बारीक अक्षरात. सहानंतर रक्कम असेल तर पाकीट सीलबंद करून वरिष्ठाची सही घेतो. पिशवी मदतनिसाच्या खांद्याला असते. त्याचा या सहामाहीचा तांत्रिक खंड येत्या ३१ तारखेला आहे.